एका घरात दोन अनिता

मी बँकेत कारकून आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून कॅशमध्ये फक्त दोनदा फरक आला आणि दोन्ही वेळा तो मी स्वतःच्या खिशातून भरला. (एकदा सात रुपये आणि एकदा नव्याण्णव. नव्याण्णवचे दुःख अजून आहे.) पण नावाच्या बाबतीत माझ्याइतका कडक माणूस आमच्या शाखेत नाही. फॉर्मवर एक वेलांटी जरी खोडलेली दिसली, तरी मी तो काचेखालून परत सरकवतो आणि म्हणतो, "इथं शेजारी पूर्ण सही करा. खाडाखोड चालत नाही."

असा हा मी, २००५ सालच्या मे महिन्यात, एक आख्खेच्या आख्खे नाव खोडून मोकळा झालो. तेही सोन्याच्या अंगठीने, तांदळाच्या ताटात, भटजींच्या देखत. खातेदाराची सही कोणी मागितली नाही. उलट सगळ्यांनी पेढे खाल्ले.

खोडलेले नाव अनिता. वर लिहिलेले नाव मृण्मयी.

कारण काय, तर आमच्या वहिनींचे नावही अनिता. "एका घरात दोन अनिता कशा चालतील?" असा सवाल आमच्या अप्पाकाकांनी टाकला. ज्या बैठकीत जेवणात जिलबी की श्रीखंड यावर दोन तास रण माजले होते, त्याच बैठकीत हा ठराव एका मिनिटात एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे, जिचे नाव होते ती सोडून. तिला बैठकीला बोलावलेच नव्हते.

वास्तविक आमच्या घराण्यात विजय तीन आहेत. मोठा विजय, धाकटा विजय आणि डोंबिवलीचा विजय. तिघे एका पंगतीला बसतात. "विजय, भात वाढू का?" म्हटले की तिघेही एकदम "थोडासा" म्हणतात. त्यामुळे आजवर ना भात सांडला, ना वंश खुंटला. एका घरात तीन विजय खपतात, मग दोन अनितांनीच छप्पर कसे कोसळते?

हे सगळे आज उकरून काढायचे कारण असे, की येत्या मार्गशीर्षात वहिनींच्या मुलाचे लग्न आहे आणि नव्या सुनेसाठी नाव शोधण्याची कामगिरी अप्पाकाकांनी माझ्यावर सोपवली आहे. "तू लिहितोस ना काहीबाही? मग काढ एखादं झकास नाव." सुनेने सासरचे नाव काढावे अशी आपली अपेक्षा असते आणि सुरुवात मात्र आपण तिचेच नाव काढून घेण्यापासून करतो! तेव्हा मी नाव शोधणार नाही. त्याऐवजी हा लेख लिहितो आहे आणि त्याची पहिली प्रत अप्पाकाकांना देणार आहे. त्यांना चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला सांगा.

प्रथम, जे नाव मी एका मिनिटात निकालात काढले ते होते तरी कोण, कुठले? ही चौकशी लग्नापूर्वी करायला हवी होती. आम्ही बँकवाले खाते उघडताना करतो ती, केवायसी. ती मी आता, वीस वर्षांनी, केली.

मूळ गाव निघाले थेट हिब्रू. बायबलात हन्ना नावाची एक बाई आहे. हन्ना म्हणजे कृपा, अनुग्रह. तिला मूल होत नव्हते म्हणून ती देवळात जाऊन मनातल्या मनात प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. देवळातल्या पुजाऱ्याने ते पाहिले आणि बाई दारू पिऊन आलेल्या दिसतात, असा निष्कर्ष काढला. (बाईच्या मनात काय आहे ते तिलाच न विचारता ठरवून टाकायची खोड बरीच जुनी आहे, एवढेच मला इथे नमूद करायचे आहे.)

हे हन्ना ग्रीक आणि लॅटिन भाषांत गेले तेव्हा वाटेत त्याचा 'ह' गळाला आणि झाली आना. येशूच्या आजीचे नाव ख्रिस्ती परंपरेत हेच. आपल्या गोव्यात तळावलीला सांत आनाचे जुने चर्च आहे. मूल व्हावे म्हणून जोडपी तिथल्या फेस्ताला तिला तवशी, म्हणजे काकड्या, वाहतात. हन्नाचे गाऱ्हाणे हजारो वर्षे उलटून कोकण किनाऱ्याला लागले, ते असे.

मग आनाचे जो तो आपापल्या परीने लाड करू लागला. रशियनांनी आन्या आणि आन्यूता केली, फ्रेंचांनी ॲनेट, इंग्रजांनी नॅन आणि नॅन्सी. स्पॅनिश लोक लाडाने शेवटी 'इता' लावतात. रोसाची रोसिता, एवाची एविता, तशी आनाची अनिता. आपण बाळचे बाळू आणि छबूची छबुली करतो, तोच प्रकार. म्हणजे अनिता हे मुळातच लाडाचे नाव. त्यावर आणखी लाड म्हणून माझ्या सासूबाईंनी अनू केले होते.

आमच्याकडे मात्र या आनाने एक वेगळाच घोटाळा केला. युरोपात आना ही नाजूक कन्या, आणि आपल्याकडे अण्णा म्हणजे झुपकेदार मिशा, धोतर आणि दुपारची वामकुक्षी. आमच्या एका खातेदार अण्णांना परदेशातून कसलेसे पत्र आले, त्यावर त्यांचा उल्लेख 'मिस अण्णा' असा होता. अण्णा ते पत्र घेऊन थेट माझ्या काउंटरवर आले आणि "ही मिस कोण?" म्हणून सगळ्या शाखेला ऐकू जाईल असे ओरडले. एका अक्षराने त्यांचा असा संताप झाला. घरी त्यांनी दोन सुनांची आख्खी नावे बदलली आहेत, ही गोष्ट मला तेव्हा त्यांच्या लक्षात आणून द्यायची होती. पण रांग मोठी होती.

आता कोणी म्हणेल, अनिता अस्सल संस्कृत आहे. असेलही! व्याकरणाने फोड करायची तर अ अधिक नीता, म्हणजे 'न नेलेली'. कोणी ओढून नेलेली नव्हे, आपल्या पायांनी चालणारी. अर्थ मोठा बहारीचा आहे. पण बारशाच्या नावांच्या पुस्तकात पाहिले तर अनिता म्हणजे 'कृपा' असे छापलेले होते. म्हणजे माल हिब्रू आणि लेबल संस्कृत! मला विचाराल तर हेच या नावाचे भाग्य. ते कुठल्याही दारात उभे राहते आणि घरचेच वाटते. नेताजी सुभाषचंद्र बोसांची कन्या १९४२ साली व्हिएन्नात जन्मली, तिचे नाव अनिता. कादंबरीकार अनिता देसाई यांची आई जर्मन आणि वडील बंगाली. नाव दोन्ही घरांत चपखल. स्वीडनची अनिता एकबर्ग सिनेमासाठी रोमच्या कारंज्यात उतरली आणि आपल्याकडे १९६७ साली 'अनीता' नावाच्याच सिनेमात साधना झळकली. प्रत्येक भाषेने या नावाला आपल्याकडचे कपडे घातले. कोणी त्याचा 'ह' काढला, कोणी शेपूट जोडले, कोणी वेलांटी ऱ्हस्व केली, कोणी दीर्घ. पण पुसले कोणी नाही. ते काम आमच्या मांडवासाठी राखून ठेवलेले होते.

रोममध्ये जानिकुलम टेकडीवर एका अनिताचा पुतळा आहे. उधळलेला घोडा, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हाताशी तान्हे मूल. ही अनिता गॅरिबाल्डी, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीची बायको. मूळची ब्राझीलची, आना मारिया. घरची भाषा पोर्तुगीज, लाडाचे नाव आनीन्या. गॅरिबाल्डीने त्याला स्पॅनिश वळण देऊन अनिता केले. म्हणजे नवऱ्याने हात लावला खरा, पण नाव ठेवले तेच. १८४२ साली त्यांचे लग्न झाले, १८४९ साली रोमहून माघार घेताना ती गेली.

घोडा, शस्त्र आणि मूल असा आणखी एक पुतळा तुम्हाला आठवला असेलच. त्याच १८४२ साली आपल्याकडे मोरोपंत तांब्यांच्या मणिकर्णिकेचे लग्न झाशीला झाले आणि माप ओलांडता ओलांडता मणिकर्णिका मागे राहिली. पुढे गेली ती लक्ष्मीबाई.

आणि ती एकटी नव्हे! रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाई, म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या, त्याही माहेरच्या मनकर्णिकाच. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही यमुना. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई, म्हणजे गोदावरी. मी भूगोलात कच्चा, पण एवढे कळते की दोन यमुना, एक तापी आणि एक गोदावरी आम्ही मांडवात आटवल्या. नद्या संपल्या तेव्हा काशीचा मणिकर्णिका घाटसुद्धा सोडला नाही. तोही दोनदा.

हा आजार केवळ आपलाच आहे, असा खोटा आळ मी घेणार नाही. सिंधी कुटुंबांतही ही चाल आहे. युरोपातल्या राजघराण्यांतही होती. जर्मनीची सोफी रशियाची सून व्हायला गेली, तेव्हा १७४४ साली तिने पंथ बदलला आणि तिची कॅथरिन झाली. ऑस्ट्रियाची मारिया अंतोनिया फ्रान्सला दिली तेव्हा तिची मारी अंत्वानेत झाली. आणि या सगळ्यांवर ताण करणारी गोष्ट अनिता देल्गादोची.

ही मालागाची स्पॅनिश मुलगी. माद्रिदला नाच करायची. कपूरथळ्याचे राजे जगतजित सिंग तिच्यावर भाळले आणि १९०८ साली तिला लग्न करून पंजाबात घेऊन आले. आता गंमत पाहा. ज्या देशात पुढे गल्लोगल्ली अनिता होणार होत्या, शाळेच्या एकेका वर्गात चार-चार असणार होत्या, त्या देशात ही स्पेनहून अनिता हे नाव बरोबर घेऊनच उतरली. सामानात याहून सोयीची वस्तू दुसरी नव्हती. आणि आम्ही काय केले? तिचे नाव ठेवले प्रेम कौर! पुढे दोघे वेगळे झाले, ती युरोपात परतली आणि १९६२ साली माद्रिदला वारली. स्पेनमध्ये आजही तिला ओळखतात ते अनिता देल्गादो म्हणूनच. माहेरची माणसे नाव सोडत नाहीत, मग ते पुणे असो की मालागा.

इथवर वाचल्यावर अप्पाकाका म्हणतील, "परंपरा आहे." ठीक. परंपरेचाच हिशेब करू, मी कॉमर्सचा आहे. यमुनेची आनंदीबाई झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रानड्यांच्या घरी आली ती यमुना अकरा वर्षांची. त्या वयाच्या पोरीची सही कुठल्याच कागदावर झालेली नव्हती. नवे नाव पाटीवरच्या नव्या अक्षरासारखे बसून गेले. आज मांडवात उभी राहते ती सत्तावीस वर्षांची, दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिकांवर, पॅनवर, आधारवर आणि स्कूटरच्या कर्जावर नाव असलेली बाई. बालविवाह आपण सोडला आणि त्याचे ताट-तांदूळ तेवढे जपून ठेवले.

"लाडानं ठेवतो रे." हा दुसरा मुद्दा. लाड मलाही कळतात. पण लाड स्पॅनिश लोकांनीही केले, रशियनांनीही केले. लाड म्हणजे नावाला काही जोडणे. सगळे नाव काढून घेऊन त्या जागी दुसरे बसवणे याला आमच्याकडे खाते बंद करणे म्हणतात.

"नाव म्हणजे नुसतं लेबल, त्यात काय एवढं?" हा तिसरा, आणि सर्वांत विद्वान मुद्दा. त्यात काहीच नसेल तर बदलता कशाला? आणि काही असेल तर बदलणारे तुम्ही कोण?

शिवाय कायदा. लग्न झाले म्हणून बाईने नाव बदललेच पाहिजे, असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. उलट १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले आहे. उत्तम निर्णय. पण आईचे कुठले नाव? पदवीवरचे की पत्रिकेवरचे? आजोळच्यांना ठाऊक असलेले की आजीने तांदळात वाचलेले? हा प्रश्न घेऊन तरुण आया माझ्या काउंटरवर उभ्या असतात, कडेवर मूल आणि हातात दोन नावांचे कागद घेऊन. त्यांना मी सांगतो, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा." सांगताना माझी मान काचेच्या खाली असते.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, छत्री ओली, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पासबुक. १९७१ सालचे, हाताने लिहिलेले. वडिलांनी त्यांच्या नावाने खाते उघडले होते. नाव, कुमारी कुसुम अमुक अमुक. आजींच्या आधारकार्डावर मात्र सुनंदा तमुक तमुक. अशी वर्षानुवर्षे न हललेली रक्कम दहा वर्षांनंतर रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे जाते. ती बुडत नाही, हक्कदाराने मागितली तर परत मिळते. फक्त हक्कदाराला आपण हक्कदार असल्याचे सिद्ध करावे लागते. मी नेहमीच्या पट्टीत सुरू केले, "आजी, कुसुम आणि सुनंदा या एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र..."

"म्हणजे मी मीच आहे, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं?"

"तसंच काहीसं."

"जाऊ दे. पैसे किती असणार, हजार-दोन हजार. मला नकोत. तुमच्या त्या मशीनमध्ये नाव अजून आहे का, तेवढं बघा."

मी बघितले. जुन्या बंद खात्यांच्या यादीत होते. मॉनिटर ग्राहकाकडे वळवायचा नसतो, नियम आहे. मी वळवला. आजींनी चष्मा पुसून पडद्यावर बोट ठेवले. "आहे की!" म्हणाल्या. मग पासबुक पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, छत्री उघडली आणि गेल्या. मागच्या माणसाने "चला, लवकर" म्हणून फॉर्म पुढे केला. त्यावर खाडाखोड होती. मी तो तसाच घेतला.

संध्याकाळी हा प्रसंग मी घरी सांगितला. आमची ही शाळेत शिकवते. सातवी ब च्या वह्या तपासता तपासता ती ऐकत होती. मृण्मयी हे नाव मी दिले खरे, पण त्या नावाने तिचा जो छळ झाला तो मी पाहिलेला आहे. विजेच्या बिलावर मृन्मई, रेशनकार्डावर मुरुण्मयी, आणि इंग्रजी स्पेलिंग चार खात्यांत चार. गॅसवाला तर दारात उभा राहून "मृण... मृण..." एवढेच म्हणतो आणि सिलिंडर ठेवून जातो.

"गेल्या वर्षी आई गेली," ती एकदम म्हणाली, "तेव्हापासून मला अनू म्हणणारं कोणी राहिलं नाही."

एवढे बोलून तिने एका वहीवर लाल रेघ ओढली.

मी गडबडलो. म्हटले, "अगं, मग घेऊ या ना बदलून! राजपत्रात देऊ, मी रजा काढतो."

"आता? वीस वर्षं मुलं मला मृण्मयीबाई म्हणतायत. तुम्ही दिलंत, पण निभावलंय मी. ते आता माझंच आहे, ते काही मी परत करायची नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, "फक्त त्या दिवशी विचारलं असतंत, तर बरं झालं असतं."

बस्स, अप्पाकाका, माझे म्हणणे एवढेच आहे. कोणा बाईला स्वतःला नाव बदलायचे असेल, तर तिने दहा वेळा बदलावे. फॉर्म मी भरून देतो. पण तिला न विचारता तुम्ही, मी, भटजी आणि डोंबिवलीचा विजय मिळून जे करतो ती खाडाखोड आहे, आणि शेजारी खातेदाराची पूर्ण सही नसेल तर खाडाखोड चालत नाही. कारकून म्हणून बावीस वर्षे जे जगाला सांगितले, ते नवरा म्हणून सांगायला मला वीस वर्षे लागली.

पुतण्याच्या होणाऱ्या बायकोला मी परवा फोन केला. "तुझं नाव बदलायचं घरात चाललंय, तुझं काय म्हणणं?" असे सरळ विचारले. ती आधी हसली आणि मग म्हणाली, "काका, मला माझं नाव आवडतं." नाव काय ते इथे लिहीत नाही, कारण छापायची परवानगी तिच्याकडून घेतलेली नाही.

तेव्हा ताट मांडा, तांदूळ पसरा, अंगठीही काढा. वहिनींची हौस मोडायची नाही. फक्त ती अंगठी या वेळी पुतण्याच्या हातात न देता सुनेच्या हातात द्या. काय लिहायचे ते ती लिहील. पेढे मी आणतो.

आणि हो. अलीकडे मी घरात एक प्रयोग सुरू केला आहे. जिन्यात उभा राहून मोठ्याने "अनिता!" अशी हाक मारतो. खालच्या मजल्यावरून वहिनी "ओ" देतात आणि वरून, स्वयंपाकघरातून, आणखी एक "ओ" येते. छप्पर जागच्या जागी आहे.